वर्गाच्या भिंतीवरचं दार

शाळेचा शिपाई तो फोटो काखेत मारून दुकानात आला, तेव्हा मी आधीच तापलेली होते. सकाळी एका गिऱ्हाइकाने आपल्या आजोबांची तसबीर परत आणून दिली होती. आजोबा म्हणे फ्रेममध्ये वाकडे दिसतात. आजोबा वाकडेच होते, फ्रेम सरळ होती. पण गिऱ्हाइकाला कोण सांगणार? बावीस वर्षं मी तसबिरी मढवतेय आणि लोकांना आपल्या माणसांचे दोष काचेआड गेल्यावरच दिसतात, एवढं मला कळलंय.

"मोठ्या बाईंच्या खोलीत लावायचाय," शिपाई म्हणाला. "हाच फोटो शाळेच्या पेजवरही टाकलाय. चौकात मोठा फलक पण लागणार आहे. प्रवेश सुरू झाले ना!"

मी गुंडाळी उलगडली. तिसरीचा वर्ग. मुलं चेकाळलेली, मागे भिंतीवर रंगीत कागद चिकटवलेले, आणि पुढच्या रांगेत, बरोब्बर मध्यभागी, दोन दात पडलेलं तोंड उघडून हसणारी आमची भिंगरी. फोटोखाली शाळेचं नाव आणि पत्ता ठळक अक्षरांत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंगरी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिचं नाव शाळेत घातलं, तेव्हा धाकटीने मोठ्या बाईंसमोर बसून, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, की या मुलीचा फोटो कुठेही द्यायचा नाही. कारणही सांगितलं होतं. कारण सांगताना तिचा डावा हात टेबलावर होता, आणि तो मनगटापाशी कसा वाकडा जुळलाय हे मोठ्या बाईंना दिसत होतं. ते मनगट भिंगरीच्या बापाने मोडलं होतं. त्यानंतर धाकटी मुलीला घेऊन माझ्याकडे आली, या गावात, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. कोर्टाने त्याला दूर राहायचा हुकूम दिला होता. पण हुकूम पाळायचा तर माणसाला लाज लागते. तो नातेवाइकांना फोन करकरून विचारत होता, कुठे आहेत, एकदा तरी सांगा.

आणि इथे शाळेने त्याला पत्ता छापून दिला होता.

शिपाई बिचारा माझं तोंड बघून उलट्या पावली गेला. तेवढ्यात भिंगरी आलीच. समोरची बेकरीवाली आपल्या नातवाला शाळेतून आणते, तिच्यासोबत हीही येते. आम्ही दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहतो. तिने दप्तर टाकलं, टेबलावर चढून फोटो पाहिला आणि टाळ्या पिटल्या.

"मी! मावशी, मी! बाई म्हणाल्या, कोणी बाहेर राहायचं नाही, सगळे या."

"हो का," मी म्हटलं. "बघते तुझ्या बाईंना."

"आणि हे बघ, आमचं दार पण आलंय." तिने फोटोतल्या भिंतीवर बोट ठेवलं. मुलांच्या डोक्यांवर, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन होता, तळहाताएवढा. दुकानात पैसे घ्यायला मी लावलाय तसाच क्यूआर कोड.

"कसलं दार?"

"आमच्या वहीचं. फोनमधल्या. त्याला फोन दाखवला की वही उघडते. मग आपला चेहरा दाबायचा."

ती फोनमधली वही मला माहीत होती. शाळेने वर्षाच्या सुरुवातीला घेतलेलं ते अ‍ॅप. मूल चित्र काढतं, वाचून दाखवतं, पाढे म्हणतं, आणि ते सगळं बाई त्यात टाकतात. आईबापांना घरबसल्या प्रगती दिसते. धाकटीने अ‍ॅपला हो म्हटलं होतं, कारण बाईंनी सांगितलं होतं की दुसऱ्या कोणाला काही दिसत नाही.

"दाखव बरं," मी म्हटलं, आणि माझा फोन तिच्या हातात दिला.

माझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप नव्हतं. तरी तिने त्या छापील फोटोवर फोन धरला आणि टुण्णकन वर्ग उघडला. ना नाव विचारलं, ना पासवर्ड. एकाखाली एक मुलांचे हसरे चेहरे. कोणताही दाबा आणि आत जा. चोराच्या हाती किल्ल्या देणं म्हणतात ना, तेच. फक्त इथे किल्ली फोटो काढून पेजवर टाकली होती, आणि ज्याला हवी त्याने घ्यावी.

भिंगरीने स्वतःचा चेहरा दाबला. "माझं घर ऐक. बाईंनी मला स्टार दिलाय."

तिच्या गोड, पडलेल्या दातांतून हवा सुटणाऱ्या आवाजात दुकानभर ऐकू आलं, "माझं घर वरच्या मजल्यावर आहे. खाली मावशीचं फ्रेमचं दुकान आहे. तिथे काचा असतात म्हणून पळायचं नाही. समोर बेकरी आहे. आमच्या जिन्याचं दार निळं आहे. आई कामावरून अंधार पडल्यावर येते. आमचं घर बाबांना माहीत नाही. ते गुपित आहे."

मी खाली बसले.

"छान आहे ना?" भिंगरीने विचारलं. "ढब्बूला पण आवडलं. त्याने लिहिलंय बघ."

ढब्बू म्हणजे तिच्या वर्गातला गुबगुबीत मुलगा, तिचा जिवलग. रेकॉर्डिंगखाली त्याच्या चेहऱ्यासमोर लिहिलं होतं, "छान घर. शाळा सुटली की तू कुठे उभी राहतेस?" त्याखाली भिंगरीने बोलून उत्तर दिलं होतं, "गेटजवळ, पाण्याच्या नळापाशी. वेडा आहेस का ढब्बू, तू पण तिथेच असतोस!" मग परत ढब्बू, "आईच येते का न्यायला?" आणि भिंगरी, "नाही रे, बेकरीवाल्या आजी येतात." आणि सगळ्यात शेवटी, आज सकाळचं, "उद्या पण नळापाशीच थांब. गंमत आणतो."

"ढब्बूला गोवर झालाय," भिंगरी म्हणाली. "गोवरात सगळं विसरायला होतं का गं, मावशी?"

मी ढब्बूच्या आईला फोन लावला. तिला वाटलं, मी तब्येत विचारतेय. "डोळे सुजलेत हो. डॉक्टरांनी फोन, टीव्ही सगळं बंद केलंय. आठवडा झाला, माझा फोन त्याच्या हाताला लागू दिला नाही."

मी दुकानाचं शटर ओढलं. भिंगरीला बेकरीत बसवलं, बेकरीवालीच्या कानात दोन वाक्यं सांगितली. तिने पाव कापायची सुरी हातातून खाली ठेवलीच नाही. "जा तू," ती म्हणाली. "इथून तिला कोण नेतो तेच बघते."

शाळा सुटली होती, पण शिक्षक अजून होते. वर्गबाई एकट्याच तिसरीच्या वर्गात टेबलावर वाकून चित्रं चिकटवत होत्या. तरुण मुलगी. गालाला गोंद लागलेला. मी भांडायच्या पूर्ण तयारीने गेले होते. तोंडात चांगली चार वाक्यं घोळवून ठेवली होती. पण मी फोन पुढे धरला, तिने ढब्बूच्या नावाखालचं वाचलं, आणि तिचा चेहरा असा पांढरा पडला की माझी वाक्यं तोंडातच राहिली.

"हे मी केलंय," ती म्हणाली. "मुलं पासवर्ड विसरायची. रोज पहिला तास रडारडीत जायचा. ज्यांच्या घरी एकच फोन, त्यांना तर येतच नव्हतं. म्हणून मी सगळ्यांसाठी एकच कोड भिंतीवर लावला. फोटो काढताना तो मागे येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आणि भिंगरी? तिचा फोटो काढायचा नव्हता."

"माहीत होतं मला." तिने मान खाली घातली. "आधीच्या फोटोच्या वेळी ती एकटी दारात उभी होती. या वेळी मला ते बघवलं नाही."

काय बोलणार आता? दुष्टपणा असता तर झोडपून काढला असता. माया करणाऱ्या माणसाला कसं झोडपायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. पण म्हणून मी मऊ झाले असं नाही. "आत्ताच्या आत्ता बंद करा," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

आम्ही मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. मोठ्या बाई आवराआवर करत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अ‍ॅप सुरक्षित आहे," त्या म्हणाल्या. "कंपनीने तसं स्पष्ट सांगितलंय."

मी त्यांच्याच भिंतीवरच्या फोटोच्या छोट्या प्रतीवर फोन धरला. टुण्णकन वर्ग उघडला. मी ढब्बूचा चेहरा दाबला आणि फोन त्यांच्या हातात दिला. "घ्या. आता तुम्ही ढब्बू झालात. काय लिहायचंय ते लिहा."

त्यांनी फोन विंचू असल्यासारखा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, फोटो पेजवरून लगेच काढते, फलक लावू देत नाही, आणि कंपनीला मेल करते, दोन-तीन दिवसांत उत्तर येईल.

"उद्या शाळा सुटताना तो नळापाशी येणार आहे," मी म्हटलं. "त्याला मेल करून सांगता का, दोन-तीन दिवस थांब म्हणून?"

"अहो, पण वर्ग पूर्ण बंद केला तर मुलांचं वर्षभराचं काम पालकांना दिसणार नाही. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे. मी दाखवू काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी इथून हलत नाही. मला सवय आहे. गोंद वाळेपर्यंत मी तासन्‌तास एका जागी बसते." आणि मी खुर्ची ओढून बसले.

कोंडी फोडली ती वर्गबाईंनी. "आधी याचे फोटो काढून घ्या," ती मला म्हणाली. "पोलिसांना लागतील." ढब्बूच्या नावावरच्या प्रत्येक ओळीचे फोटो मी काढले, तिनेही काढले. मग तिने आपला लॅपटॉप मोठ्या बाईंच्या टेबलावर उघडला.

"विचार करा," मोठ्या बाई म्हणाल्या. "वर्षभर केलंत हे. वरून मला विचारणा होईल आणि मी तुमचंच नाव सांगेन."

"सांगा," ती म्हणाली, आणि तिने वर्ग बंद केला. मी परत फोटोवर फोन धरला. या वेळी कोरा पडदा आला. तिच्या गालावरचा गोंद तेव्हा कुठे तिच्या लक्षात आला, आणि तो खरवडत ती रडायला लागली.

धाकटी कामावरून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं. माळ्यावरून बॅग काढली आणि कपडे भरू लागली. घडी न मोडता. हे तिला किती सफाईने येतं हे बघून मला इतका संताप आला, की मी बॅगेतले कपडे मुठीने बाहेर फेकले.

"कुठे जाणार? तिथेही शाळा असेल. तिथेही कोणीतरी फोटो काढेल. किती गावं सोडशील?"

"मग काय करू? त्याच्या हातात देऊ तिला?"

"ओरडू नका," दारातून भिंगरी म्हणाली. आम्हाला वाटत होतं ती झोपलीय. "मी सांगितलं म्हणून आपण जातोय का? तो ढब्बू नव्हता ना? बाबा होते ना?"

मुलांना कळत नाही असं आपण समजतो. कळतं त्यांना, फक्त कधी विचारायचं याची ती वाट बघतात. धाकटी जागच्या जागी बसली. तिने भिंगरीला मांडीवर ओढलं.

"तुला मित्राने विचारलं, तू उत्तर दिलंस. त्यात तुझं काहीही चुकलं नाही. विचारणारा खोटा होता." मग ती माझ्याकडे बघत, पण मुलीलाच सांगितल्यासारखी म्हणाली, "आणि आपण कुठेही जात नाही. आपलं घर हे आहे."

मला तिचा इतका अभिमान वाटला की मी खाली वाकून फेकलेले कपडे गोळा करू लागले. नाहीतर रडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी स्वतः पोलीस चौकीत गेली. मी सोबत होते, पण बोलली ती. कोर्टाचा हुकूम आणि फोनमधले फोटो समोर ठेवले. तिथल्या साहेबांनी डोकं खाजवलं. "पण तोच कशावरून? आणि तो आलाच नाही तर?"

"तर तुमची माणसं शाळेच्या नळाचं पाणी पिऊन परत येतील," धाकटी म्हणाली. माझी लहान बहीण! जी दूधवाल्यालाही उलट बोलत नसे. साहेब हसले आणि साध्या कपड्यांतल्या एका पोलीस बाईंना आणि एका हवालदाराला आमच्यासोबत पाठवलं.

शाळा सुटली तेव्हा भिंगरी वर्गातच होती, वर्गबाईंच्या हाताला घट्ट धरून. बाकी मुलं गेटबाहेर धावली. आणि नळापाशी तो उभा होता. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात मोठी बाहुली. कोणीही म्हटलं असतं, काय प्रेमळ बाप आहे.

मी धाकटीचा हात धरायला गेले, तर ती पुढे गेलेली. त्याच्यासमोर, हात लांब करून पोचेल इतक्या अंतरावर ती उभी राहिली.

"माझ्या मुलीला भेटायला आलोय," तो गोड आवाजात म्हणाला. "बापाला एवढाही हक्क नाही?"

"तिला भेटायचं होतं तर तिच्या मित्राचं नाव कशाला घेतलंस?" धाकटीने विचारलं.

त्याचा हात वर आला, आणि तो वरच राहिला, कारण पोलीस बाईंनी तो मनगटाशी धरला होता. धाकटी एक पाऊलही मागे सरकली नव्हती. त्याला गाडीत घालून नेलं, तेव्हा कुठे ती खाली बसली. मी आणि बेकरीवालीने तिला दोन्हीकडून धरून घरी आणलं.

माझ्या मते गोष्ट इथे संपायला हवी होती. पण धाकटीच्या मते नाही. "वर्ग बंद केला म्हणजे फक्त आपल्याला दिसेनासं झालं," ती म्हणाली. "त्या कंपनीकडे तिचा आवाज आहेच. माझ्या मुलीने सांगितलेलं घर दुसऱ्या कोणाकडे का म्हणून राहावं?"

म्हणून पालकसभेला आम्ही तिघी गेलो. तिसरीचे सगळे पालक आले होते, ढब्बूचे आईबाप पुढच्याच बाकावर. मोठ्या बाईंनी कंपनीच्या माणसाला बोलावलं होतं. तरतरीत, हसतमुख माणूस. त्याने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. आता प्रत्येक मुलाला वेगळा कोड मिळेल, सगळं आधीपेक्षा सुरक्षित होईल. वरातीमागून घोडं, पण घोडं चांगलं सजवलेलं.

"जुनं सगळं पुसून टाका," धाकटी म्हणाली. "तुमच्याकडचं. आमच्या मुलीचं, आणि ज्यांना हवं त्यांचंही."

"ताई, ते आमच्याकडे अगदी सुरक्षित आहे."

"कुठे?"

"सर्व्हरवर. म्हणजे क्लाउडमध्ये."

"ढगात!" मी म्हटलं. "बरंय, पाऊस पडला की घरोघरी पोचेल."

लोक हसले. पण सगळे आमच्या बाजूचे होते असं नाही. एक बाप म्हणाला, मुलाचं पहिलं वाचन त्यात आहे, ते जाऊ नये. दुसरी बाई म्हणाली, एका घरच्या भांडणापायी सगळ्यांना कशाला शिक्षा? धाकटीचे कान लाल झाले, पण ती उभीच राहिली. तिने त्या बापाला सांगितलं, की वाचन तुम्ही उतरवून घ्या, ते तुमचंच आहे. त्या बाईला काही सांगितलं नाही. तिला ढब्बूच्या आईने सांगितलं. "भांडण त्यांच्या घरचं, पण चेहरा माझ्या पोराचा वापरला. उद्या तुमच्या पोरीचा वापरतील."

कुजबूज वाढली तसा कंपनीचा माणूस खाली उतरला. वातावरण हलकं करायचं त्याला चांगलं जमत असावं. तो पहिल्या बाकापाशी आला, भिंगरीसमोर उकिडवा बसला आणि गोड हसला.

"हीच का ती स्टार मिळवणारी? तुझं घरावरचं रेकॉर्डिंग ऐकलं हं मी. किती छान बोलतेस! अजून सांग बघू, घरी कोण कोण असतं?"

तो काय बोलून गेला, हे त्याला सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. भिंगरीने आधी आईकडे पाहिलं. आईने काही खूण केली नाही. मग तिने त्या माणसाकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुम्ही कुठे राहता? तुमच्या घराचं दार कोणत्या रंगाचं आहे? तुमची मुलगी शाळा सुटल्यावर कुठे उभी राहते?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. तो माणूसही हसला, उठून उभा राहिला, मोठ्या बाईंकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. सगळे त्याच्या उत्तराची वाट बघत होते. बाप, आया, शिक्षक.

"अगं," तो म्हणाला, "असं चारचौघांत कसं सांगणार?"

"मग?" धाकटी म्हणाली.

त्याने लॅपटॉप उघडून पहिलं नाव पुसेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.